बिब्बे उभे आहेत

गुडघ्याचं तेल, खारकांचा डबा अन् सुती परकर पाठवायला तुला लातूरच्या गाडीचा कंडक्टर बरा सापडतो. त्याच गाडीत स्वतः येऊन बसायला काय पायाला मेंदी लावली होतीस? पंचमी गेली, पोळा गेला, दिवाळी गेली. तेल मी शेजारच्या म्हातारीला देऊन टाकलं, तिचे गुडघे माझ्याहून जास्त कुरकुरतात. खारका मात्र खाल्ल्या. दुकानदारानं जुना माल गळ्यात मारलाय तुझ्या, एवढं सांगून ठेवते.

प्रिय तनुजा,

'प्रिय' हा शब्द रईसाचा. मी नुसतं 'तनुजास' लिहिणार होते, तर ती म्हणाली, "अम्मा, चिठ्ठी हाय, कोर्टाचं समन्स न्हाई." रईसा तुला आठवत असेल, हिमायतनगरच्या बाजारातली, आपली गोडंबी, बिब्ब्यातला गर, विकत घेणारी. तिच्या दुकानामागच्या खोलीत बसून लिहिते आहे. कागद तिचा, पेन तिचं, पाकीट पेटीत टाकणार तीच. वाचू नकोस म्हणून बजावलंय, पण वाचल्याशिवाय राहायची नाही. फोन का केला नाही असं तू म्हणशील. घरातला फोन तुझ्या बापाच्या खिशात असतो. मी बोलायला लागले की माझा हा लेक शेषेराव उंबऱ्यात येऊन उभा राहतो. त्याच्या तोंडाकडे बघून मला जे बोलता येत नाही ते इथं लिहिते. मी दुसरी पास बाई, जोडाक्षर आलं की धाप लागते, म्हणून मागच्या बाजारी सुरू केलेलं पत्र अजून चाललंय.

गावची खबर आधी सांगते. कमलम्माच्या सुनेला मुलगी झाली. विहिरीला पाणी आहे, पण गढूळ. ज्वारी बरी आहे. माझी दाढ पडली, त्यामुळे आता भाकरी कुस्करून खाते, तेवढं एक तुला हसायला.

तू अन् तुझ्या त्या झाडांच्या ऑफिसच्या दोन मैत्रिणी गेल्या वर्षी उन्हाळ्यात टेप घेऊन आल्या होत्या, ते मी विसरले नाही. एकेका झाडाला छातीच्या उंचीवर टेप गुंडाळून मोजायचं म्हणालीस, तर मी विचारलं, छाती कुणाची, तुझी का माझी? मी तर वाकून वाकून तुझ्या कमरेला आले. हसून हसून तुझ्या हातातला टेप सुटला होता. ओढ्याच्या अलीकडचा माळ अन् पलीकडचं रान, दोन्ही मोजलंत. बिब्बा, चारोळी देणारा चार, मोह, बेहडा, धावडा, सालई, टेंभुर्णी. ज्या झाडाला आम्ही 'ते आडवं वाढलेलं' एवढंच म्हणतो त्यालाही तू नाव काढलंस. तुझी आई, गया, मागं मागं हिंडत होती. कुठल्या चाराचं फळ गोड, कुठला बिब्बा अंगावर जास्त उततो, फोड आणतो, कुठल्या मोहाखाली अस्वल येतं, सगळं तुला दाखवत होती. एवढी बोलणारी ती बाई नव्हे. लग्न होऊन आली तेव्हा दोन वर्षं मला वाटत होतं शेषेरावाला मुकी बायको केली आपण.

भाकरी खाताना तू समजावलंस की झाड हवेतला कोळसा ओढून घेतं अन् आपल्या लाकडात, मुळात, खालच्या मातीत धरून ठेवतं. एकाच जातीची झाडं ओळीनं लावली तर थोडा धरतात. नाना जातीची, लहानमोठी, म्हातारी-तरणी एकत्र असली तर लई जास्त धरतात, कारण एकाची मुळी खोल जाते, दुसऱ्याची वर पसरते, एक झडतं तेव्हा दुसरं पालवतं. मला ते पटलं. नुसत्या ज्वारीची भाकरी अन् मिसळीच्या पिठाची, कळण्याची भाकरी यात फरक असतोच. गया त्या दिवसापासून बिब्बे वेचायला गेली की झाडाला हात लावून म्हणायची, "माझ्या पोरीनं मोजलंय." जाईल त्या झाडाला. मला तर वेड लागल्यासारखं वाटायचं.

त्याच दिवशी संध्याकाळी जेवताना तुझ्या बापानं विचारलं की या कोळशाचे कुणी पैसे देतं का. तू म्हणालीस, देतात, पण उभ्या रानाचं आपल्यासारख्याला मिळणं अवघड. मोकळ्या माळावर नवी झाडं लावली तर योजनेत लवकर बसतं. तू वरण वाढून घेत घेत बोललीस. त्या बोलण्यात खोटं काही नव्हतं, मी तुला दोष देत नाही. पण शेषेराव हा शेषेराव आहे. लहानपणी त्याला सांगितलं होतं की कोंबडी बसवायची तर अंड्यांना पाणी लागू देऊ नको, तर यानं पावसाळाभर कोंबडीला प्यायला पाणी दिलं नव्हतं. एक वाक्य धरतो अन् त्याच्यावर घर बांधतो. माझी पोरगी शिकली, ती सांगते मोकळा माळ लागतो, तर माळ मोकळा करून ठेवावा. तुझ्या ऑफिसची झाडं आपल्या माळावर लागतील, तुझी नेमणूक इकडं होईल, अन् तू घरी जेवायला येशील. हे शेवटचं त्यानं मला सांगितलं नाही. मला आपसूक कळलं, कारण तुझी खोली त्यानं चुन्यानं रंगवून घेतली होती.

बिब्ब्याचा हंगाम सरला अन् शिमग्याच्या तोंडावर त्यानं अलीकडचा माळ तोडायला दिला. तोडणारे बाहेरचे, मशीनवाले. ते मशीन तू ऐकलं असशील, कानात शिरलं की दात आंबतात. गयानं अन् मी भांडून बघितलं. गया तर दोन दिवस जेवली नाही. शेषेराव म्हणाला, पुढच्या पावसात याच्या दुप्पट झाडं उभी राहतील, तुझ्याच पोरीच्या हातची.

जाड लाकूड गाडीत गेलं. फांदी-काटकी, पाला, अन् ज्याला गिऱ्हाईक नाही ते बिब्ब्याचं लाकूड, सगळं एका ढिगात. गया तिथल्या मुकादमाला सांगायला गेली, बिब्बा पेटवू नका, त्याचा धूर अंगावर उततो. आपल्याकडं शेंबडं पोरगंसुद्धा बिब्बा चुलीत घालत नाही. हाताला राख चोळल्याशिवाय आपण त्याचं फळ फोडत नाही, तिथं ओलं झाड जाळायचं? तो हसला. "मावशी, लाकूड म्हंजी लाकूड," म्हणाला. शेषेराव तेव्हा कागदं काढायला तालुक्याला गेला होता. दुपारी वारा सुटला अन् यांनी काडी लावली.

तोडणारे पहिल्या लोळालाच पळाले. मी वाड्याच्या मागून बघत होते. धूर पिवळा होता. अन् वाऱ्यानं जाळ ओढ्याकडं निघाला, ओढा तेव्हा कोरडा, पाल्यानं भरलेला. पलीकडचं रान पेटायला एक ठिणगी पुरली असती. गया ओलं पोतं घेऊन त्या ओढ्यात उतरली. मी हाका मारून माझा घसा फोडला. ती पेटत्या फांद्या ओढून मागं फेकत होती अन् पोत्यानं पाला झोडपत होती, तोंडावर पदर बांधला होता, पण डोळ्यांवर काय बांधणार? गावातली माणसं येईपर्यंत ती एकटीच होती. पलीकडचं रान वाचलं. एक धावडा करपला तेवढाच.

रात्रीतून तिचं तोंड असं सुजलं की मला माझी सून ओळखू येईना. खोबरं वाटून लावलं, तीळ वाटून लावले, जे जे बिब्ब्यावर करतात ते सगळं केलं. हातावर उततो त्याला ते चालतं. डोळ्याच्या आत काय लावणार? नांदेडच्या दवाखान्यात ठेवलं तिला.

आता जे लिहिते ते बसून वाच. तिला तिथं ठेवून तुझा बाप लातूरला तुझ्या ऑफिसात आला होता, तो दिवस आठव. तू म्हणशील, तो सातबारा प्लास्टिकच्या पिशवीत घालून झाडांची योजना मागायला आला होता. व्हय, त्यासाठी आला होता. पण त्याच्याकडं सांगायला दोन गोष्टी होत्या, बाई. पहिली त्यानं आनंदाची म्हणून आधी सांगितली, माळ मोकळा केला. तू आकाशातून काढलेला माळाचा फोटो दाखवलास, म्हणालीस, इथं कालपर्यंत जंगल होतं, अशी जमीन कुणी घेत नाही, उभं रान तोडून लावलेल्या झाडाला कुणी विचारत नाही. ते तुझं बरोबर होतं. मग तू ओरडलीस. सगळ्या टेबलांवरची माणसं बघत होती म्हणे. तू म्हणालीस, पुन्हा त्या घरात पाऊल टाकणार नाही. तेही मी समजू शकते, तुझ्या जागी असते तर मी पिशवी त्याच्या डोक्यात घातली असती. पण दुसरी गोष्ट त्याच्या तोंडातच राहिली. तो तसाच उठून गाडीत बसला अन् परत आला. आम्ही विचारलं, तनुला सांगितलं का? तो म्हणाला, "कामात होती."

तुझ्या आईला दिसत नाही, तनुजा. डाव्या डोळ्यानं काहीच नाही. उजव्यानं उजेड अन् अंधार एवढं कळतं.

मग तू फोन केलास तेव्हा तिनं मलाच दम दिला. "आत्याबाई, पोरीला कळलं तर ती म्हणंल माझ्या बोलण्यानं झालं. जन्मभर म्हणंल. सांगायचं न्हाई." आधी तुला सांगितलं डोळे आलेत. मग सांगितलं चष्मा लागलाय. तोंड दाखवायच्या फोनला रेंज नाही, हे खोटं. रेंज असते, ती फोन कानाला लावून ठेवते. तू दिवाळीला पाठवलेल्या साडीचा हिरवा रंग लई छान म्हणाली ना? रंग मी सांगितला होता. रात्री दिव्याच्या उजेडात तिला मी हिरवा सांगितला, निघाला जांभळा. तू काही बोलली नाहीस, तेव्हा मला वाटलं, पोरगी नुसती मोजायला शिकली, ऐकायला नाही शिकली.

पावसाळ्यात त्या मोकळ्या माळाची माती ओढ्यात वाहून आली, विहीर गढूळ आहे ती म्हणून. मोहाच्या बुडख्यांना फुटवे आले होते, ते बकऱ्यांनी खाल्ले. शेषेराव रोज तिथं जाऊन बसायचा. दाढी वाढवली, बोलणं सोडलं. कुणी म्हणालं त्याला डॉक्टरला दाखवा. मी म्हटलं, त्याला काही झालं नाही, त्याला कळलंय.

नांदेडचा डॉक्टर म्हणाला, डावा गेला, त्याचा नाद सोडा. उजव्याचं बुबुळ बदललं तर दिसेल, पण फार थांबू नका, आतून खराब होतं. लातूरला एक डॉक्टर हे काम करतो. सरकारी कार्डावर फुकट होईल म्हणतात, पण कार्डावर नंबर कधी लागेल हे कुणी सांगेना, अन् नंतरची औषधं वर्षभर घालायची ती कार्डावर नाहीत. तुझ्या पगारात तुझी खोली निघते, मला माहीत आहे. घरात विकण्यासारखं एकच होतं. पलीकडचं रान. सातबारा माझ्या नावावर आहे.

गयाला कुणकुण लागली तेव्हा ती एवढंच म्हणाली, "त्या रानाला हात लावला तर मी दवाखान्याच्या पायरीवर चढणार न्हाई. मला धरून नेलं तर तिथून उठून येईन." तिला मी ओळखते. ती येईल. आंधळी चाचपडत येईल.

म्हणून मी तिला सांगितलं, नाही देत. अन् दिलं. या कार्तिक पौर्णिमेनंतर सही केली. तुझा बाप माझ्या पायाशी बसला. ज्यानं अलीकडचा माळ उघडा केला तोच म्हणत होता, "माय, एक फांदी तोडू नगं, मी मजुरीला जातो, मी हैदराबादला जातो." मी म्हटलं, बाजूला हो. तुला माळ तोडायला अक्कल लागली नाही अन् आता राखायला आली? ज्या रानापायी तिचे डोळे गेले तेच रान तिच्या डोळ्यांपायी गेलं, यात न्याय आहे का नाही हे मला विचारू नकोस. मी न्याय करायला बसले नव्हते. माझ्यापुढं एक बाई होती, जी ताटात भाकरी शोधताना वाटी उपडी करते अन् मग मला कळू नये म्हणून सांडलेलं बोटानं चाटते. झाडं माझ्या सासऱ्याच्या आधीपासून होती. असतील.

मशीनचा आवाज तिला ऐकू गेला असता. म्हणून तिला आधीच मुदखेडला नेऊन ठेवलं, माझ्या धाकट्या बहिणीकडं. सांगितलं, तिथून नांदेडचा दवाखाना जवळ. रेल्वेत बसवताना तिनं डब्याच्या दाराला धरून विचारलं, "रान हाय ना आत्याबाई?" तेव्हा होतं. मी हाय म्हटलं.

दुसऱ्या दिवशी मशीन लागलं. चार गेला, मोह गेला, धावडा, बेहडा, सालई, सगळं. नुसता बिब्बा तेवढा ठेवलाय. मी ठेवला नाही, तोडणाऱ्यांनी ठेवला. शिमग्याला काय झालं ते आता पंचक्रोशीत माहीत झालंय, कुणी बिब्ब्याला करवत लावायला तयार नाही. तर तिकडं आता बिब्बे उभे आहेत, लांब लांब, एकेकटे. मधे काही नाही. जेवून उठल्यावर पत्रावळी राहाव्यात तसं दिसतं. तुझ्या हिशोबानं किती कोळसा उरला तो तू काढ, मला काढायचा नाही.

गया दर बाजारच्या दिवशी माझ्या बहिणीच्या फोनवरून रईसाच्या दुकानात फोन करून मला बोलावते. दर वेळी तेच विचारते, रान हाय ना? मी सांगते, "बिब्बे उभे हायत." ते खोटं नाही. तिला बरं वाटतं. मागल्या बाजारी मात्र तिनं विचारलं, "आन् चार?" मी फोन खाली ठेवला अन् रईसाला म्हटलं, सांग लाइन तुटली. रईसानं सांगितलं, पण मग दिवसभर माझ्याकडं पाठ करून गोडंबी पाखडत बसली. संध्याकाळी म्हणाली, "अम्मा, कबतक?"

तेवढ्यासाठी हे पत्र. रानाचे पैसे भरले, लातूरच्या डॉक्टरकडं नंबर लागला आहे; गयाला तो कार्डावर लागला असं सांगितलंय. येत्या सोमवारच्या पुढच्या सोमवारी बजरंग तिला मुदखेडहून लातूरला तुझ्या दारात आणून सोडेल. तुझा चुलतभाऊ तो, त्याच्या पोटात काही राहत नाही, म्हणून त्याला काही सांगितलेलं नाही, तूही सांगू नकोस. ऑपरेशनच्या आधी दोन-तीन दिवस ती तुझ्याकडं राहील. तिला बघून रडायचं असेल तर आजच रडून घे, तिच्यापुढं नको, तिला ऐकू येतं. माझ्या जागी आता ती तुला विचारेल. अन् तुझ्याशी ती 'बिब्बे उभे आहेत' एवढ्यावर थांबायची नाही, तुला झाडाझाडानं विचारेल, कारण ते रान तू मोजलंयस. ओढ्याकाठचा चार, अस्वलाचा मोह, ते आडवं वाढलेलं, सगळं. तू एकेकाचं नाव घेऊन सांगायचं, हाय. शिकल्यासवरल्याच्या तोंडाला खोटं जड जातं, तरी सांगायचं. तिच्या डोळ्यावरची पट्टी निघेपर्यंत सांगायचं. पट्टी निघाली की मला बोलाव. मी येईन, तिच्यासमोर बसेन, अन् कुणी दिलं ते मीच सांगेन. ती ज्या शिव्या देईल त्या माझ्या आहेत, त्यात वाटा मागायचा नाही. मग ती माझं तोंड बघायचं नाही म्हणाली तर निदान माझं तोंड बघून म्हणेल.

हे तुला जमेल की नाही एवढंच मला कळव. जमत नसेल तर तसं लिही, मी दुसरी सोय करीन.

तुझीच आजी,
साखराबाई

उत्तर रईसाच्या दुकानाच्या पत्त्यावर, अन् तुझ्या हातानं. बापाला फोन करून त्याच्याकडून निरोप पाठवलास तर मी तो ऐकणार नाही. उत्तर तूच द्यायचं.